उणे चौदा

साडेचारचा भोंगा झाला, कारखान्याचं फाटक उघडलं, हजारभर सायकली रस्त्यावर सांडल्या... आणि नेमक्या त्या गर्दीच्या मधोमध मेमसाब बंद पडली.

मेमसाब ही बाई नव्हे, गाडी. भोपाळचा हा कारखाना उभा राहत होता तेव्हा विलायतेहून इंजिनियर आले होते. त्यांतला एक साहेब मायदेशी परतताना आपली बावन्न सालची काळी, गोलमटोल गाडी भालचंद्र पिंपळापुऱ्यांना देऊन गेला. भालचंद्र म्हणजे नाना. मूळचे नागपूरचे, कारखान्यात ड्राफ्ट्समन. बायकोवर केलं नाही एवढं प्रेम त्यांनी या गाडीवर केलं, असं त्यांची बायकोच अख्ख्या टाउनशिपला सांगत असे.

आता एकोणऐंशी साल उजाडलं होतं. जानेवारीची बोचरी संध्याकाळ होती आणि स्टिअरिंगवर होती नानांची मुलगी सुचेता. शेजारी माकडटोपी घातलेले नाना. मागून, पुढून, डावीउजवीकडून सायकलींच्या घंट्या.

“मैडम, बैल जोत लो!” कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

सुचेताचे कान तापले. ती टाउनशिपच्या शाळेत नववी-दहावीला फिजिक्स शिकवायची. या सायकलवाल्यांपैकी निम्म्यांची मुलं तिच्या हाताखाली होती. उद्या सकाळच्या प्रार्थनेआधी ही बातमी वर्गात पोचणार, यात शंका नव्हती.

तेवढ्यात मागच्या खिडकीशी कुणीतरी वाकलं. उंच, सडसडीत तरुण. करड्या स्वेटरचं वरचं बटण तुटलेलं. डोळे मात्र असे हसरे, की आत्ताच कुणीतरी विनोद सांगितलाय आणि तो या एकट्यालाच कळलाय.

“हा जरा राहू द्या आत,” म्हणत त्याने हातातला जेवणाचा डबा मागच्या सीटवर टेकवला. “सेकंड गिअर टाका. क्लच दाबून धरा. मी म्हणेन तेव्हा सोडा.”

“मला येतं,” सुचेता ताठ मानेने म्हणाली.

“मग तर प्रश्नच मिटला जी,” तो हसला आणि मागे जाऊन त्याने खांदा लावला. आणखी चौघांनी सायकली गुलमोहराला टेकवल्या. मेमसाब कुरकुरत हलली, दहा पावलं गेली...

“सोडा!”

क्लच सुटला, गाडीला एक उचकी लागली आणि इंजिन धडधडायला लागलं. सुचेता ब्रेकवर पाय ठेवणार तोच नाना ओरडले, “थांबू नकोस! थांबलीस की गेली!”

मग ती कशी थांबणार? तिने नुसतं आरशात पाहिलं. तो लांब टांगा टाकत गाडीमागून पळत होता, एक हात उंचावून. निरोप घेतोय बिचारा... तिला काय वाटलं कोण जाणे, तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि छानसा हलवला.

घरी आल्यावर मागच्या सीटवर डबा सापडला तेव्हा तिला कळलं, तो काय मागत होता ते.

डब्याच्या झाकणावर रंगाने लिहिलं होतं: नी. वा. वैरागडे, टेस्टिंग. हा वैरागडे दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी फाटकात उभा राहिला. घर शोधायला त्याला श्रम पडले नाहीत. मेमसाबचं घर टाउनशिपमध्ये आंधळ्यालाही ठाऊक होतं.

“हात हलवल्याबद्दल आभारी आहे,” तो म्हणाला. “पण काल रात्रीसाठी कँटीनमधून घेतलेली पोळी-भाजी त्यातच होती. उपाशी झोपलो.”

“अय्या! मग तुम्ही ओरडला का नाहीत?”

“ओरडलो ना. तुम्ही आणखी जोरात हात हलवला.”

सुचेताला हसू दाबता आलं नाही. आतून आई डबा घेऊन आली. घासलेला, पुसलेला आणि तिळाच्या वड्यांनी गच्च भरलेला. रिकामा डबा परत करायचा नाही, हा कुसुमताई पिंपळापुऱ्यांच्या घरचा नेम होता. त्या डब्याच्या वजनानेच नीळकंठ वैरागडेचा चेहरा उजळला. वर्ध्याचा मुलगा, बॅचलर होस्टेलच्या मेसमध्ये जेवणारा. त्याला तीळ आणि गूळ एवढं पुरेसं होतं.

चहा झाला, आणि चहाबरोबर मेमसाबचं दुखणं निघालं. निघायचंच होतं, कारण गेले तीन आठवडे त्या घरात दुसरा विषय नव्हता. बॅटरी चार्जच होत नव्हती. दुकानातून भरून आणावी, चार दिवसांत तिने मान टाकावी. आता गंमत अशी, की ही टाउनशिप म्हणजे वीज बनवणारी अजस्र यंत्रं तयार करणाऱ्यांची वस्ती. इथे दर दुसऱ्या घरात इंजिनियर. त्या सगळ्यांनी मेमसाबची नाडी पाहिली होती. ट्रान्सफॉर्मरवाल्यांना वाइंडिंगचा संशय, स्विचगिअरवाल्यांना स्विचचा. शेजारचे सुधाकरकाका हिशेब खात्यातले, त्यांचं मत गाडी विकून टाकावी. आणि एवढं करून डॅशबोर्डवरचा काटा मात्र ‘चार्ज’च्या बाजूला! नाना रोज तो काटा दाखवायचे. “बघा, भरतेय की नाही? मग जाते कुठे?”

“बॅटरी नवीन आहे?” नीळकंठने विचारलं.

“अगदी नवी. मीच बसवली,” सुचेता म्हणाली, आणि तिच्या आवाजात जरा ऐट आली. “डिसेंबरात नाना नागपूरला लग्नाला गेले होते. म्हटलं, सरप्राइज द्यावं. शिवाय जुनी बॅटरी कुणीतरी चुकीची जोडलेली होती, तीही चूक मी दुरुस्त केली.”

“असं का?” नीळकंठ म्हणाला. त्या वेळी त्याने त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. त्याचं लक्ष बोलताना उडणाऱ्या तिच्या बटेकडे होतं.

“बघतो मी,” तो नानांना म्हणाला. “पण आमच्या पद्धतीने. रोज एक गोष्ट.”

त्याची पद्धत म्हणजे एक छापील तक्ता. टेस्टिंग खात्यात प्रत्येक यंत्राचा असा कागद भरला जाई. तारीख, काय तपासलं, रीडिंग, शेरा आणि खाली दोन सह्या. एकीवर लिहिलेलं ‘केलं’, दुसरीवर ‘पाहिलं’.

“एकट्याने घेतलेलं रीडिंग आमच्याकडे धरत नाहीत,” तो म्हणाला. “बघणारं कुणीतरी लागतं.”

“नाना बघतील ना.”

“नानांना चष्मा सापडायला दहा मिनिटं लागतात,” तो घाईघाईने म्हणाला. “तुम्ही फिजिक्सच्या. तुमची सही वजनदार.”

पहिल्या संध्याकाळी पट्टा तपासला. इंजिनवरून डायनॅमो फिरवणारा तो रबरी पट्टा. त्याने अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाला, “अर्धा इंच दबतो. ठीक आहे. तुम्हीही दाबा.” तिने दाबला. दोघांचे अंगठे पट्ट्यावर शेजारी शेजारी... अंतर मोजलं असतं तर तेही अर्धा इंचच भरलं असतं. परसातल्या पेरूवर पोपट कलकलत होते, स्वयंपाकघरातून मेथीच्या फोडणीचा वास येत होता. सही करायला तिला उगीचच उशीर लागला.

दुसऱ्या संध्याकाळी डायनॅमोची पाळी. नीळकंठने त्याच्या दोन्ही तारा सोडल्या, दोन्ही टोकं एकत्र जोडली. मीटरची एक तार त्या टोकाला, दुसरी गाडीच्या लोखंडी अंगाला. सुचेताने इंजिन चालू ठेवायचं, अगदी हळू. बोनेटच्या फटीतून तिला त्याचा चेहरा दिसत होता. एकाएकी त्याच्या भुवया वर गेल्या. त्याने मीटर पाहिलं. मग बॅटरीकडे पाहिलं, चांगलं निरखून. आणि मग फटीतून तिच्याकडे पाहिलं.

“काय झालं?” तिने विचारलं.

“काही नाही... हात चुकला.” त्याने मीटरच्या तारांची अदलाबदल केली. “डायनॅमो ठणठणीत आहे. चौदा व्होल्ट.”

त्याने कागदावर आकडा लिहिला आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. पेन्सिल त्याच्या बोटांनी उबदार झाली होती. सुचेताने त्या उबेत काहीही न वाचता ‘पाहिलं’खाली सही ठोकली.

मग रोजचाच परिपाठ झाला. पावणेपाचला फाटकाची कडी वाजायची आणि सुचेता आधीपासून अंगणात असायची, काहीतरी वाळत घालायचं निमित्त करून. आई म्हणाली, “इतके कपडे आपल्याकडे आहेत तरी का गं?” डायनॅमोचे ब्रश उघडून झाले. जमिनीला जोडणारी तार घासून झाली. एका संध्याकाळी हॉर्न तपासला.

“तुम्ही शाळेत फार कडक आहात म्हणे,” हॉर्न उघडता उघडता तो म्हणाला.

“कोण म्हणालं?”

“आमच्या फोरमनचा मुलगा. म्हणतो, उत्तर बरोबर असलं तरी चिन्ह विसरलं की अर्धा मार्क कापतात.”

“कापणारच! अधिक आणि उणे यांत काही फरक आहे की नाही?”

“आहे ना,” तो खाली मान घालून म्हणाला. “भलताच फरक आहे.” आणि त्याला एवढं हसू का आलं ते तिला कळलं नाही.

गुरुवारी त्याची सेकंड शिफ्ट होती, त्यामुळे तो येणार नव्हता. संध्याकाळ किती लांब असते ते सुचेताला त्या दिवशी कळलं. शेवटी ती गॅरेजमध्ये गेली. आदल्या दिवशी त्याची पेन्सिल बॅटरीच्या मागे कुठेतरी पडली होती, ती शोधू म्हणून. आत अंधारून आलं होतं. तिने मेमसाबचे दिवे लावले. समोरची भिंत उजळली, आणि सहज तिची नजर डॅशबोर्डवर गेली.

काटा ‘चार्ज’कडे झुकला होता.

इंजिन बंद. डायनॅमो स्वस्थ. दिवे बॅटरी पीत होते आणि काटा सांगत होता, बॅटरी भरतेय! तिने दिवे घालवले. काटा मधे आला. पुन्हा लावले. पुन्हा ‘चार्ज’.

सुचेता मटकन फुटबोर्डवर बसली. काटा उलटा चालतोय, म्हणजे वीज उलटी वाहतेय. वीज उलटी वाहतेय, म्हणजे बॅटरी...

तिला डिसेंबरातली ती दुपार आठवली. जुन्या बॅटरीचं अधिक टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं पाहून ती हसली होती. सुधाकरकाकांच्या, समोरच्या डॉक्टरांच्या, कॉलनीतल्या झाडून सगळ्या गाड्यांत उणे टोक अंगाला असतं. जुनी बॅटरी बसवणारा दत्तू मिस्त्री म्हातारपणी चुकला, असं तिने ठरवलं. आता तो बैतूलला मुलाकडे राहायला गेला होता, विचारायचं तरी कुणाला? म्हणून तिने ‘दुरुस्ती’ केली. तारेची एक पकड बसेना, तर खलबत्त्यातला बत्ता आणून ठोकली. दुसरी सैल पडली, तर चहाच्या डब्याचा पत्रा कापून आत कोंबला. गाडी बिचारी सांगत होती, की बाई, हे माझं नव्हे! पण फिजिक्सच्या टीचर कुणाचं ऐकतात? विलायती साहेबाची गाडी जन्मापासून उलटीच होती. अधिक अंगाला, उणे तारेला. डायनॅमो अजून त्याच सवयीने वीज करत होता, आणि बॅटरी त्याच्याकडे पाठ फिरवून बसली होती. दोघांच्या मधलं ते छोटं दार, कटआउट, उघडायचं आणि लगेच मिटायचं. इंजिन चालू असताना बोनेटखालून सतत येणारी टिकटिक म्हणजे तेच. नानांना ती तब्येतीची खूण वाटायची.

आणि मग तिला आणखी एक गोष्ट आठवली. मीटर पाहून वर गेलेल्या त्या भुवया.

तिने धावत जाऊन तक्ता आणला आणि दिव्याच्या उजेडात धरला. दुसरी ओळ. डायनॅमो. रीडिंग: चौदा. आणि चौदाच्या आधी, पेन्सिलीने, अगदी बारीक, एक आडवी रेघ.

उणे चौदा.

त्याला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं! तोंडाने खुशाल ‘हात चुकला’ म्हणाला, पण खोटं रीडिंग लिहिणं त्याच्या हाताला जमलं नाही. आणि खाली, अर्धा मार्क कापणाऱ्या मॅडमची ठसठशीत सही. पाहिलं!

आधी तिला राग आला. मग हॉर्न आठवला. चार्जिंगशी हॉर्नचा काय संबंध? ब्रश एकदा बघितले ते ठीक, दोनदा कशाला? सहा संध्याकाळी हा माणूस गंभीर चेहऱ्याने नसलेला दोष शोधत होता... सुचेताला एवढं हसू आलं, की पदराचा बोळा तोंडात कोंबावा लागला. हसता हसता तिच्या ध्यानात आलं. तिला तो आवडत होता. आवडत होता म्हणजे काय, पावणेपाच वाजेपर्यंतचा दिवस तिला दिवसच वाटेनासा झाला होता. आणि उद्या हे दुखणं बरं झालं, तर परवा तो कशाला येईल?

शुक्रवारी तो आला तेव्हा तिने शांतपणे विचारलं, “आज काय तपासायचं?”

“आज...” त्याने गाडीकडे पाहिलं. “वायपर.”

“वायपर?”

“कसं आहे मॅडम, कुठलीच शंका बाकी ठेवू नये.”

“अगदी बरोबर,” सुचेता म्हणाली. आणि दोघांनी मिळून, काचेवर पाण्याचा थेंब नसताना, वायपर तपासला. तिने सहीसुद्धा केली.

पण त्याच संध्याकाळी दोन गोष्टी झाल्या. नाना चहाचा कप घेऊन गॅरेजच्या दारात आले आणि म्हणाले, “पुरे आता, वैरागडे. तुम्ही खूप केलंत. कोटरा सुल्तानाबादचे प्रकाशसेठ रविवारी येतायत. लग्नाच्या वरातींना घोडी देतात ना, ते. गाडी सजवून वरातीत फिरवू म्हणतात. म्हटलं, जाऊ दे.” त्यांनी बोनेटवरची नसलेली धूळ बाहीने पुसली आणि आत निघून गेले.

नीळकंठ हळूच म्हणाला, “माझीही ऑर्डर आलीय. कोरब्याच्या साइटवर. सोमवारी निघायचंय. सात-आठ महिने तरी.” आणि घाईने पुढे म्हणाला, “पण रविवारी सकाळी येतो. एक शेवटची टेस्ट राहिलीय.”

शनिवारभर तिचं कशात मन लागलं नाही. दुपारी तिने खिडकीतून पाहिलं, तर नाना गॅरेजमध्ये, बंद गाडीत, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसते बसले होते. आपलं गुपित गोड होतं खरं, पण त्याची किंमत नाना मोजत होते. सांगायला तर हवंच. पण सांगायचं म्हणजे सगळ्यांसमोर कबूल करायचं, की महिनाभर ज्या दोषाने अख्खी टाउनशिप हैराण झाली, तो दोष खुद्द पिंपळापुरे मॅडमचा. तिला आत्ताच तो हशा ऐकू यायला लागला.

रविवारी प्रकाशसेठ सफारी सूट घालून आले. मेमसाबभोवती एक फेरी मारून म्हणाले, “वाह! गाड़ी है कि महारानी!” सुधाकरकाका कुंपणावरून वाकले होते, डॉक्टर आले, आणखी दोघं-तिघं जमले. नानांनी खिशातून किल्ली काढली. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. नीळकंठ सायकल तशीच टाकून धापा टाकत आला.

“नाना, थांबा! दोष सापडला. चूक माझी आहे. परवा मी तारा सोडल्या ना, तेव्हा बॅटरी माझ्याकडून उलटी लागली.”

नाना गोंधळले. “परवा? पण गाडी तर तुम्ही यायच्या आधीपासून बंद पडतेय.”

“हो... म्हणजे...” नीळकंठ अडखळला. “त्याच्याही आधी...”

सुचेता बघत राहिली. ज्या माणसाला कागदावरची एक खरी रेघ गाळता आली नव्हती, तो तिच्यासाठी चारचौघांत धडधडीत खोटं बोलत होता, आणि तेही किती वाईट!

“खोटं बोलतायत ते,” ती पुढे आली. “नाना, चूक माझी आहे. डिसेंबरात बॅटरी मी उलटी बसवली. साहेबाच्या गाडीचं अधिक अंगाला असतं. दत्तू मिस्त्री बरोबर होता. मी शहाणपणा करून बदललं.”

सुधाकरकाका म्हणाले, “म्हणजे फिजिक्सच्या टीचरनेच...” आणि जो हशा पिकला तो थेट तिसऱ्या गल्लीत ऐकू गेला असणार. सुचेताचे कान तापले. पण या वेळी तिने मान खाली घातली नाही. तिने नीळकंठपुढे हात केला.

“पाना द्या.”

त्याने पाना दिला. तिने चहाच्या डब्याचा पत्रा काढून फेकला, दोन्ही पकडी सोडवल्या आणि टोकं बदलली. जाड पकड जाड खुंटीवर, बारीक बारीकवर. बत्ता लागला नाही. नीळकंठने कटआउटचं झाकण उघडून आतले जळालेले पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासले. बॅटरीत जीव नव्हताच, म्हणून धक्का द्यायला सगळे लागले. खुद्द प्रकाशसेठही.

“सोडा!” नीळकंठ मागून ओरडला.

इंजिन धडधडलं. नानांनी खिडकीतून आत डोकं घातलं. सुचेताने दिवे लावले, अॅक्सिलरेटर दाबला, आणि काटा संथपणे ‘चार्ज’कडे गेला नि तिथेच थांबला. बोनेटखालची टिकटिक बंद होती. नानांनी माकडटोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

“प्रकाशसेठ,” ते म्हणाले, “माफ कीजिए. गाडी नहीं बेच सकता.”

“अमां नाना, वो तो हम समझ गए,” प्रकाशसेठ सफारीची धूळ झटकत हसले. त्यांनी एकदा सुचेताकडे पाहिलं, एकदा नीळकंठकडे. “बिटिया की शादी में यही गाड़ी सजाएँगे. फूल हमारी तरफ से.”

सुचेताने एकदम आरसा नीट करायला घेतला.

“म्हणजे ही सवत काही जात नाही,” आई दारातून म्हणाली. पण तिचे डोळे हसत होते.

“बॅटरी पार रिकामी आहे,” नाना म्हणाले. “चांगला तासभर फिरवून आण. कुठे थांबवू नकोस हं!”

“आणि तुम्हीही जा हो, वैरागडे,” आईने पदराला हात पुसत सांगितलं. “रीडिंग कोण घेणार?”

आनंद नगर मागे पडलं आणि रायसेन रोडच्या दोन्ही बाजूंना हरभऱ्याची शेतं लागली. ऊन कोवळं होतं. नीळकंठ मांडीवर तक्ता घेऊन काट्याकडे टक लावून बसला होता. इतकं, की त्या काट्यालाच लाज वाटावी.

“दुसऱ्याच दिवशी कळलं होतं ना?” सुचेताने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

“...हो.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुम्ही एवढ्या ऐटीत म्हणाला होता, मीच बसवली म्हणून. म्हटलं, एक दिवस थांबू. तुमचं तुम्हालाच सापडेल.” त्याने तक्त्याचा कोपरा दुमडला. “आणि दुसरं म्हणजे... सांगितलं असतं, तर तिसऱ्या दिवशी मी कुठल्या तोंडाने आलो असतो?”

“आणि नाना गाडी विकायला निघाले तेव्हा?”

“तेव्हा दोन रात्री झोपलो नाही. आपल्या मजेपायी त्या माणसाची गाडी जाणार होती. माझं चुकलंच, सुचेता.”

‘मॅडम’ म्हणणं गेलं होतं. तिच्या ते ध्यानात आलं आणि त्याच्याही.

“अर्धा मार्क तुमचा कापला,” ती म्हणाली. “अर्धा माझाही. मला गुरुवारी कळलं होतं.”

“गुरुवारी?” तो ताडकन वळला. “मग शुक्रवारी तो वायपर...?”

“कुठलीच शंका बाकी ठेवू नये म्हणून,” सुचेता गंभीरपणे म्हणाली.

मग मात्र दोघांना हसू आवरेना. समोरून येणाऱ्या बैलगाडीवाल्याने वळून वळून पाहिलं. हळूहळू हसू ओसरलं. उद्या हा माणूस कोरब्याला निघणार. आज सकाळी एक कबुली दिलीच होती, त्यात कुणी मेलं नव्हतं.

“नीळकंठ,” ती म्हणाली, “मला तुम्ही आवडता. पट्टा दाबला त्या दिवसापासून. लिहा रीडिंग.”

नीळकंठच्या हातातली पेन्सिल तक्त्यावरून घरंगळली, ती त्याने कशीबशी पकडली.

“मला तर डबा घेऊन पळालात तेव्हापासून,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चक्क कापत होता. “महिन्यातून एक रविवार सुट्टी मिळते साइटवर. रात्रीच्या गाडीने येईन. बॅटरी तपासायला लागतेच दर महिन्याला... आणि कोरब्याहून परतलो, की नानांना विचारेन. तुमची हरकत नसेल तर.”

“त्यांना काय विचारायचं ते विचारा. माझी सही झाली.”

त्याने तक्त्यावर काहीतरी लिहिलं आणि कागद तिच्या समोर धरला. रस्त्यावरची नजर काढून तिने एक क्षणच पाहिलं. आकडा कुठलाच नव्हता. रीडिंगच्या रकान्यात नुसतं एक अधिकचं चिन्ह होतं, चांगलं ठळक, चार वेळा गिरवलेलं. तिने डावा हात स्टिअरिंगवर ठेवला आणि उजव्या हाताने... नाही, चुकलं, नीळकंठ डावीकडे होता. म्हणून उजवा स्टिअरिंगवर ठेवला आणि डाव्या हाताने त्याचा हात धरला. पेन्सिलीसकट.

टाउनशिपमध्ये परत शिरले तेव्हा नाना फाटकाबाहेर येऊन थांबले होते. शेजारी आई, हातात नीळकंठचा डबा. भरलेला असणार. गाडी दिसताच नानांनी हात वर केला.

आता थांबायला काही हरकत नव्हती. बॅटरी भरली होती, गाडी थांबली असती तरी किल्लीवर पुन्हा सुरू झाली असती. सुचेताने वेग कमी केला. शेजारी पाहिलं. नीळकंठनेही तिच्याकडे पाहिलं. तिने खिडकीतून हात बाहेर काढला, नानांना छानसा हलवला आणि पाय पुन्हा अॅक्सिलरेटरवर दाबला.

“अगं, थांब ना!” मागून नानांचा आवाज आला. “झाली चार्ज!”

“अजून थोडी बाकी आहे, नाना!” ती ओरडली, आणि मेमसाब गुलमोहराच्या वळणावरून पुन्हा रायसेन रोडकडे वळली.